डिझेल निर्यात, सिलिंडर आयात

भारताची तेलशुद्धीकरणाची क्षमता आज वर्षाला सुमारे २५.८ कोटी टन आहे. अमेरिका, चीन आणि रशियानंतर जगात आपला नंबर लागतो. देशातला पेट्रोलियम पदार्थांचा खप २४ कोटी टनांच्या घरात आहे, म्हणजे गरज भागवून उरेल इतके कारखाने आपल्याकडे आहेत, आणि माल उरतोही. दरवर्षी सहा कोटी टनांहून अधिक माल, त्यात मोठा वाटा डिझेल, पेट्रोल आणि विमानाच्या इंधनाचा, आपण परदेशी विकतो. आता याच देशाच्या स्वयंपाकघरात डोकावू. २०२४-२५ साली एलपीजीचा खप ३.१ कोटी टनांवर गेला, आणि त्यात देशात तयार झालेला गॅस १.३ कोटी टनांपेक्षा थोडा कमीच होता. दर दहांतले सहा सिलिंडर परदेशातून, मुख्यतः आखाती देशांतून, जहाजाने आलेल्या गॅसवर भरले जातात. डिझेल विकणारा देश चुलीसाठी परदेशाकडे तोंड करून बसतो, हे ऐकायला विचित्र वाटते. त्यावर सरकारी नियोजन फसले, कंपन्या नफेखोर आहेत, कारखाने कमी पडतात, अशी स्पष्टीकरणे लगेच पुढे येतात. माझ्या मते या विसंगतीचे मूळ आधी तेलाच्या घडणीत आहे, मग आपण निवडलेल्या यंत्रसामग्रीत आहे, आणि धोरणाचा नंबर त्यानंतर लागतो. कारखाना किती टनांचा, हा प्रश्न आपण हिरिरीने विचारतो. कोणत्या तेलातून काय आणि किती निघणार, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. टनांचा आकडा नेमकी हीच गोष्ट झाकून ठेवतो.

कच्चे तेल हा एक पदार्थ नसून हजारो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. एका कार्बनचा मिथेन सगळ्यांत हलका, तीन-चार कार्बनांचे प्रोपेन आणि ब्युटेन म्हणजे आपला एलपीजी, त्यापुढे पेट्रोलच्या पट्ट्यातला नाफ्था, मग रॉकेल, मग डिझेल, आणि सर्वांत शेवटी वीस-तीसपासून शंभरच्या पुढे कार्बन असलेले जड, चिकट रेणू. कोणत्या तेलात यांपैकी काय किती असेल, हे भूगर्भाने कोट्यवधी वर्षांपूर्वी ठरवून टाकलेले असते. ज्वारी पेरली की कणसाबरोबर कडबा येणारच, नुसते दाणे द्या म्हणून शेताला सांगता येत नाही. तेलाचेही तसेच आहे. मध्यम वजनाचे आखाती तेल घेतले तर त्यात मुळात विरघळलेला एलपीजी जेमतेम एक-दोन टक्के असतो आणि निम्म्याच्या आसपास माल ३५० अंशांनंतरही वाफ न होता तळाशीच राहतो. समाजाची मागणी मात्र या प्रमाणात कधीच नसते. कोणालाही निम्मा माल डांबर आणि फर्नेस ऑइल म्हणून नको असतो. रिफायनरीचे खरे काम या दोन प्रमाणांचा मेळ घालणे हे आहे. एक प्रमाण निसर्गाने दिलेले, दुसरे बाजाराने मागितलेले. मधली तफावत भरून काढायला यंत्रे, हायड्रोजन, इंधन आणि पैसा लागतो.

या कामाचा पहिला टप्पा सोपा आहे, निदान तत्त्वतः. टाकीतून आलेल्या तेलात पाणी, मीठ आणि गाळ असतो. गरम तेलात ताजे पाणी मिसळून विजेच्या तीव्र क्षेत्रातून ते सोडले की मिठाचे पाणी खाली बसते. हा टप्पा नीट झाला नाही तर पुढे भट्टीत क्षारांपासून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते आणि उभ्या मनोऱ्याचा वरचा भाग आतून खाल्ला जातो. रिफायनरीतल्या गंजाच्या कितीतरी तक्रारींची सुरुवात इथे, या साध्याशा वाटणाऱ्या मीठ काढण्यात असते. मग तेल गरम उत्पादनांच्या नळ्यांभोवती फिरवून आधी फुकटची उष्णता मिळवतात आणि शेवटी भट्टीत ३५० ते ३७० अंशांपर्यंत तापवतात. उकळते मिश्रण मनोऱ्यात शिरले की हलक्या वाफा वर चढतात, जड द्रव खाली ओघळतो. चाळणीसारख्या थरांवर वर जाणारी वाफ आणि खाली येणारा द्रव पुन्हा पुन्हा भेटतात आणि प्रत्येक उंचीवर ठरावीक उत्कलनबिंदूचा माल गोळा होतो. माथ्यावरून गॅस आणि नाफ्था, मधून रॉकेल आणि डिझेल, तळातून काळा अवशेष. हा अवशेष आणखी तापवला तर त्याचे रेणू नीट वेगळे होण्याऐवजी तुटू लागतात आणि नळ्यांत कोळसा धरतो. म्हणून तो दुसऱ्या मनोऱ्यात निर्वातात उकळतात. दाब कमी केला की उत्कलनबिंदू उतरतो आणि जड तेलही वाफ होऊन निघते. एवढ्या सगळ्या खटाटोपात एकही रेणू बदललेला नसतो. फक्त वर्गवारी झालेली असते.

एकोणिसाव्या शतकात या वर्गवारीवर भागत होते. १८५९ साली पेन्सिल्व्हानियात ड्रेकने विहीर खणली तेव्हा लोकांना हवे होते दिव्याचे तेल, म्हणजे रॉकेल. त्याच्याबरोबर निघणारा पेट्रोलसारखा हलका भाग ही डोकेदुखी होती, कारण तो भडकायचा. आसामातल्या दिग्बोईची रिफायनरी १९०१ साली सुरू झाली तेव्हाही बाजार मुख्यतः दिव्यांचाच होता. मोटार आली आणि मागणीची घडी उलटली. रॉकेलपेक्षा पेट्रोल जास्त हवे झाले आणि तेलात ते पुरेसे नव्हते. १९१३ साली विल्यम बर्टनने उष्णता आणि दाबाने जड रेणू तोडण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळवले. १९३० च्या दशकात यूजीन हूद्रीने हेच काम उत्प्रेरकाच्या मदतीने करून दाखवले आणि १९४२ साली अमेरिकेतल्या बॅटन रूज इथे द्रवासारखा वाहणारा भुकटी उत्प्रेरक वापरणारा पहिला क्रॅकर सुरू झाला. तिथून रिफायनरी वर्गवारी करणाऱ्या कारखान्यापेक्षा रेणू घडवणारा कारखाना अधिक झाली. क्षमतेचा आकडा अजूनही जुन्याच कामाचा आहे: पहिल्या मनोऱ्यात किती कच्चे तेल ओतता येते, एवढेच तो सांगतो. खरा पैसा आणि खरे नियोजन मनोऱ्याच्या मागे उभ्या असलेल्या यंत्रांत आहे, आणि त्यांची नोंद टनांच्या एका आकड्यात मावत नाही.

मागच्या या यंत्रांचा तर्क एका वाक्यात सांगता येतो. हलक्या इंधनात कार्बनच्या मानाने हायड्रोजन जास्त असतो, तळाच्या मालात कमी. तेव्हा तळातून हलके इंधन हवे असेल तर एकतर कार्बन बाहेर काढा, नाहीतर हायड्रोजन आत घाला. तिसरा मार्ग नाही. कार्बन काढण्याची एक तऱ्हा म्हणजे उत्प्रेरक क्रॅकर. निर्वात मनोऱ्यातले जड तेल सुमारे ५०० ते ५३० अंशांवर झिओलाइटच्या तापलेल्या भुकटीला भेटते, उभ्या नळीतून काही सेकंदांत वर फेकले जाते आणि तेवढ्यात तुटते. तुटताना भुकटीवर कोळशाचा थर बसतो. ती भुकटी शेजारच्या पात्रात नेऊन हवेने जाळून स्वच्छ करतात, आणि त्या जळण्यातून निघालेली ७०० अंशांच्या आसपासची उष्णता घेऊन तीच पुन्हा नळीत परतते. यंत्र स्वतःचे इंधन स्वतःच तयार करते, हे या रचनेचे खरे सौंदर्य. यातून मुख्यतः पेट्रोल मिळते आणि सोबत पंधरा ते वीस टक्के एलपीजी. कार्बन काढण्याची दुसरी, अधिक रांगडी तऱ्हा म्हणजे कोकर. अगदी शेवटचा, डांबराच्या जातीचा अवशेष उंच पिंपांत तासन्‌तास शिजू देतात, हलका माल उडून जातो, उरलेला घट्ट कोक प्रचंड दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्याने कापून बाहेर काढतात. हायड्रोजन घालणारे यंत्र म्हणजे हायड्रोक्रॅकर: १०० ते २०० पट वातावरणीय दाब, ४०० अंशांच्या आसपास तापमान आणि जाड पोलादी पात्रे. त्यातून निघणारे डिझेल आणि विमानाचे इंधन उत्तम प्रतीचे असते, एलपीजी मात्र थोडा. भारतात गेल्या दोन-तीन दशकांत भर या हायड्रोक्रॅकरवर आणि कोकरवर राहिला, कारण देशाच्या एकूण खपातला चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या डिझेलचा होता आणि आहे. ट्रक, ट्रॅक्टर, पंप, एसटी, मच्छीमार बोटी, सगळे डिझेलवर. त्या काळाच्या हिशेबाने ही निवड चुकीची नव्हती. पण तिने एलपीजीचा मार्ग अरुंद केला, हेही तितकेच खरे.

गंधकाची गोष्ट या सगळ्याला लागूनच येते, आणि ती महाराष्ट्राच्या जवळची आहे. मुंबईत माहुल-तुर्भे भागात १९५० च्या दशकात दोन रिफायनऱ्या उभ्या राहिल्या, आधी स्टॅनव्हॅकची आणि मग बर्मा-शेलची. राष्ट्रीयीकरणानंतर त्या अनुक्रमे हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमच्या झाल्या. त्या उभारल्या गेल्या आयात तेलासाठी. १९७४ साली बॉम्बे हाय सापडले आणि १९७६ पासून तिथले तेल किनाऱ्यावर येऊ लागले. ते तेल हलके, आणि त्यात गंधक ०.२ टक्क्यांहूनही कमी. आखाती तेलांत गंधक दीड-दोन टक्के किंवा त्याहून जास्त असते. फरक किती मोठा, हे हिशेब केला की कळते. वर्षाला १.२ कोटी टन तेल घेणाऱ्या कारखान्यात १.५ टक्का गंधकाचे तेल आले तर वर्षाला १,८०,००० टन गंधक आत येतो. ०.१५ टक्क्याचे आले तर १८,०००. आत आलेला गंधक कुठेतरी जावाच लागतो: इंधनात राहून गाडीच्या धुरात, डांबरात, कोकमध्ये, भट्टीच्या चिमणीत, किंवा वेगळा काढून पिवळ्या मालाच्या रूपाने गोदामात. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन सक्तीचे झाले आणि पेट्रोल-डिझेलमधला गंधक दहा लाखांत दहा भागांवर आला. त्याआधी मर्यादा पन्नासची होती, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डिझेलमध्ये तो एक टक्क्यापर्यंत, म्हणजे आजच्या हजारपट चालत असे. त्याच वर्षी १ जानेवारीपासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा जगभर साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली, त्यामुळे तळाचा गंधकयुक्त माल खपवायची जुनी वाटही आक्रसली.

गंधक काढायला पुन्हा हायड्रोजनच लागतो. तापलेल्या डिझेलमधून दाबाखाली हायड्रोजन सोडला की गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडतो, अमाइनच्या द्रावणात तो शोषून घेतात, आणि क्लाउस पद्धतीने त्याचा घन गंधक बनवतात. हायड्रोजन आणायचा कुठून? मुख्यतः नैसर्गिक वायूतून किंवा नाफ्थ्यातून, वाफेबरोबर ८०० अंशांवर त्याचे विघटन करून. एक टन हायड्रोजनमागे नऊ-दहा टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे शहरातल्या पंपावरचे स्वच्छ डिझेल हे रिफायनरीच्या कुंपणाआड जास्त वायू, जास्त उष्णता आणि जास्त कार्बन खर्चून मिळालेले असते. रिफायनरी आपल्याला मिळालेल्या तेलापैकी सहा ते आठ टक्के स्वतःच जाळून टाकते. बीएस-६ चुकले असे याचा अर्थ कोणी काढू नये. शहरांच्या हवेसाठी ते हवेच होते. पण स्वच्छतेचा खर्च नाहीसा होत नाही. तो जागा बदलतो, आणि बदललेली जागा कोणाच्या तरी घराशेजारी असते.

या गुंतवणुकीचा एक लाभ मात्र नाकारता येत नाही. गंधक आणि तळ हाताळण्याची ताकद आली की स्वस्त, वाईट तेल घेता येते. २०२२ नंतर रशियन तेलावर सवलत मिळू लागली आणि आपल्या आयातीतला त्याचा वाटा दोन टक्क्यांच्या आतून वर्षभरात एक-तृतीयांशाच्या आसपास गेला. तो निर्णय राजकीय होता, पण तो अंमलात येऊ शकला याचे कारण यंत्रे आधीपासून उभी होती. केवळ हलके तेल घेणाऱ्या साध्या रिफायनरीला ते जमले नसते. १९९९ साली सुरू झालेला आणि २००८ साली दुप्पट झालेला जामनगरचा कारखाना हा या विचाराचा टोकाचा नमुना आहे. जगातल्या सगळ्यांत मोठ्या संकुलात जवळजवळ कसलेही तेल घालता येते आणि तळाचा कोकसुद्धा वायू करून वापरला जातो. उलट टोकाला राजस्थानातल्या बाडमेरचे तेल आहे. गंधक कमी, पण मेण इतके की साध्या तापमानाला ते गोठते. ते किनाऱ्यापर्यंत नेण्यासाठी सलग तापवलेली शेकडो किलोमीटरची नळी टाकावी लागली. तेल म्हटले की तेल, असा सरसकट शब्द वापरणे किती फसवे आहे, हे यावरून दिसावे.

आता नैसर्गिक वायू. एलपीजीची खरी स्वस्त खाण हीच. समुद्रातून आलेला वायू थेट चुलीत घालता येत नाही. त्यात पाण्याची वाफ असते, कधी हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड असतो, आणि मिथेनबरोबर ईथेन, प्रोपेन, ब्युटेन असतात. आम्लवायू अमाइनसारख्या द्रावकाने धुऊन काढतात, पाणी ग्लायकॉलने शोषतात, मग वायू खूप थंड करून जड घटक द्रवरूप वेगळे करतात आणि छोट्या मनोऱ्यांत त्यांची वाटणी करतात. बॉम्बे हायच्या वायूसाठी हे काम रायगड जिल्ह्यात उरणला होते. वसईच्या क्षेत्रातला आंबट, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड असलेला, वायू सुरतेजवळ हजिराला जातो, तिथे तो गोड होतो आणि ऐंशीच्या दशकात टाकलेल्या हजिरा-विजयपूर-जगदीशपूर नळीतून उत्तरेकडच्या खत कारखान्यांपर्यंत पोहोचतो. उरणच्या वायूतला ईथेन-प्रोपेन नागोठण्याच्या प्लास्टिक कारखान्याचा कच्चा माल झाला, मिथेन थळच्या युरियाचा आणि मुंबईच्या घरगुती पाइप गॅसचा. एकाच नळीतून आलेल्या वायूवर रायगडचा अर्धा औद्योगिक नकाशा उभा राहिला असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. पण देशभरच्या अशा वायू प्रक्रिया केंद्रांतून मिळणारा एलपीजी वर्षाला वीस-पंचवीस लाख टनांच्या आत आहे. क्षेत्रे जुनी झाली, वायू घटला, तो वाढण्याची आशा मर्यादित आहे. मग बाहेरून एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू, आणतोच आहोत, त्यातून एलपीजी काढा, असे कोणी म्हणेल. दहेजला ओएनजीसीने समृद्ध एलएनजीतून ईथेन-प्रोपेन काढण्याचा कारखाना उभारला आहे, तो याच कल्पनेवर. पण उणे १६२ अंशांवर वायू द्रव करण्याआधी निर्यातदार देश प्रोपेन-ब्युटेन शक्यतो स्वतःच काढून घेतो आणि वेगळा विकतो. आपण जो एलपीजी जहाजाने आणतो, तो बराचसा असा वायूतून वेगळा काढलेलाच.

तेव्हा उरतो रिफायनरीचा मार्ग, आणि इथे सगळ्यांत जोरदार आक्षेप येतो. क्रॅकरमध्ये एलपीजी निघतो ना, मग क्रॅकर वाढवा. ढोबळ हिशेब करून पाहू. आपली तूट वर्षाला सुमारे १.८ ते २ कोटी टनांची. क्रॅकरमधून वीस टक्के एलपीजी धरला तर त्यासाठी जड तेलाचा १० कोटी टन जादा खुराक लागेल. कच्च्या तेलात हा जड भाग साधारण चौथाई असतो, म्हणजे त्यासाठी ४० कोटी टन जादा कच्चे तेल लागेल, आजच्या आपल्या एकूण क्षमतेच्या दीडपट. आणि त्या ४० कोटी टनांतून निघणारे पेट्रोल-डिझेल विकायचे कोणाला? आज देशातल्या रिफायनऱ्या शंभर टन कच्च्या तेलामागे सरासरी चार टनांच्या आसपासच एलपीजी देतात, यात कोणाचा कामचुकारपणा नाही. हे प्रमाण वाढवता येते. इंडियन ऑइलच्या फरिदाबादच्या संशोधन केंद्राने विकसित केलेली इंडमॅक्स पद्धत अधिक कडक तापमानाने आणि वेगळ्या उत्प्रेरकाने क्रॅकरला जास्त एलपीजी द्यायला लावते. ती आधी गुवाहाटीला आणि मोठ्या प्रमाणावर पारादीपला वापरली गेली. हे खरेच देशी कर्तृत्व आहे आणि त्याचे कौतुक पुरेसे झालेले नाही. पण त्या एलपीजीत मोठा वाटा प्रोपिलीनचा असतो, आणि प्रोपिलीन म्हणजे खुर्च्या, पोती, गाड्यांचे बंपर. चुलीत जाळण्यापेक्षा प्लास्टिकला त्याची किंमत जास्त येते. अलिबागजवळ उसरला, जिथे एकेकाळी वायूतून एलपीजी काढला जाई, तिथे गेलने प्रोपेनपासून प्रोपिलीन आणि पुढे पॉलिप्रोपिलीन बनवण्याचा प्रकल्प हाती घेतला. म्हणजे चुलीच्या रेणूला आता प्लास्टिकचेही गिऱ्हाईक आहे.

मागणीच्या बाजूने उज्ज्वला योजनेचा उल्लेख टाळता येणार नाही. मे २०१६ मध्ये ती सुरू झाली, दहा कोटींहून अधिक कुटुंबांना जोडणी मिळाली, धुराच्या चुलीतून बायकांची काही अंशी सुटका झाली. हे चांगलेच झाले. जी जोडणी दिली तिच्यामागचा गॅस कुठून येणार, याचे उत्तर मात्र सरळ आयात असे होते, आणि ते त्या वेळी मोठ्याने सांगितले गेले नाही. आयात वाईट नाही, ती एकाच होर्मुझच्या सामुद्रधुनीतून आणि गोदामाशिवाय केली तर वाईट. आपला दिवसाचा एलपीजी खप सुमारे ८५,००० टन आहे. विशाखापट्टणमची जमिनीखालची प्रसिद्ध गुहा ६०,००० टनांची, मंगळुरूची ८०,००० टनांची. दोन्ही काठोकाठ भरल्या तरी दोन दिवसही पुरत नाहीत. बंदरे आणि बॉटलिंग प्रकल्पांतला साठा त्यात मिळवला तरी चित्र दिलासा देणारे होत नाही. कच्च्या तेलासाठी विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथे ५३ लाख टनांची धोरणात्मक साठवण आपण केली. पण टाकीत कच्चे तेल असून चुलीला गॅस नाही, ही वेळ येऊ शकते, कारण त्या तेलातून शंभराला चारच टन सिलिंडरात जाणार. सरकारी कंपन्यांनी २०२६ सालासाठी अमेरिकेतून सुमारे २२ लाख टन एलपीजीचा करार केला, ते या दृष्टीने शहाणपणाचे पाऊल आहे. अंतर जास्त, भाडे जास्त, पण होर्मुझवरचा भार काही अंशी उतरतो. रिफायनरीवर आणखी काही लाख कोटी ओतण्यापेक्षा गॅसच्या गुहा, शहरांत पाइप गॅस आणि विजेवरची शेगडी यांवर खर्च केला तर सिलिंडरची सुरक्षा जास्त वाढेल, असे माझे मत आहे.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्याचा, आणि तो हलका नाही. निर्यातीतून पैसा येतो, रोजगार येतो, तेल आपले नसले तरी प्रक्रिया आपली, मग तक्रार कसली? खरे आहे. मात्र निर्यातीचा एकूण आकडा पाहून हुरळून जाऊ नये. त्यातली बहुतेक रक्कम कच्च्या तेलाची, ती आधीच परदेशी गेलेली असते. देशात उरते ते पिंपामागे मिळणारे काही डॉलर, आणि तेही तेलाच्या भावाबरोबर वरखाली होणारे. धूर मात्र सगळा इथेच उरतो. माहुलमध्ये प्रकल्पग्रस्तांना वसवू नये असे मुंबई उच्च न्यायालयाला २०१९ साली सांगावे लागले, ते तिथल्या हवेमुळे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिथल्याच एका हायड्रोक्रॅकर विभागात स्फोट होऊन कामगार जखमी झाले. कोकबद्दल तर न्यायालय आणखी कडक झाले: २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या आसपासच्या तीन राज्यांत पेटकोक आणि फर्नेस ऑइल जाळायला बंदी घातली, पुढे सिमेंटसारख्या उद्योगांना सूट दिली. रिफायनरीने तळाचा कार्बन कोक करून बाहेर विकला की तिचे पुस्तक स्वच्छ दिसते, कार्बन दुसऱ्याच्या भट्टीत जळतो.

तिसरा आक्षेप भविष्याचा. विजेच्या गाड्या आल्या, पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले, मग या चर्चेला अर्थच काय? स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथसारखी जुनी रिफायनरी २०२५ साली बंद झालीच की. पण बदल पिंपाच्या सगळ्या भागांना सारखा लागत नाही. इथेनॉल पेट्रोलची जागा घेते, डिझेलची नाही. आपल्या साखर कारखान्यांच्या इथेनॉलने पेट्रोल शिल्लक पडेल, ट्रकचे डिझेल तितकेच लागेल आणि चुलीच्या गॅसची गरज तर वाढेलच. विजेच्या दुचाकी आणि मोटारींचाही पहिला घाव पेट्रोलवरच. रॉकेलचे उदाहरण ताजे आहे. वीस वर्षांपूर्वी रेशनच्या दुकानांवर ज्याच्या रांगा लागत, ते वर्षाला जवळजवळ एक कोटी टन खपणारे रॉकेल आज पाच लाख टनांच्या आत आले आणि तोच पट्टा विमानांकडे आणि डिझेलकडे वळवता आला, कारण शेजारचे पट्टे ते घ्यायला तयार होते. पेट्रोलच्या पट्ट्याला असे सोयीचे शेजारी नाहीत. तो प्लास्टिककडे वळवायचा तर वेगळी यंत्रे लागतात. म्हणून येत्या काळात रिफायनरीच्या टनांना आजच्याहूनही कमी अर्थ उरेल, तिच्या मागच्या यंत्रांना जास्त.

रत्नागिरीच्या प्रकल्पाची चर्चा या नजरेने पुन्हा वाचून पाहावी. २०१७ साली तीन सरकारी कंपन्यांनी मिळून सहा कोटी टनांच्या रिफायनरीसाठी कंपनी स्थापन केली, पुढे सौदी अरामको आणि अबू धाबीची ॲडनॉक भागीदार म्हणून आल्या. या प्रकल्पासाठीची नाणारची भूसंपादन अधिसूचना २०१९ साली रद्द झाली, मग बारसू-सोलगावचे नाव आले, २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथल्या माती परीक्षणाला गावकऱ्यांनी जोरदार विरोध केला. या सगळ्या वर्षांत वाद झाला तो हापूस, मासळी, कातळशिल्पे आणि रोजगार यांवर, आणि तो व्हायलाच हवा होता. पण त्या सहा कोटी टनांतून एलपीजी किती, पेटकोक किती, प्लास्टिकचा कच्चा माल किती आणि देशाबाहेर किती जाणार, हे सभांमधून क्वचितच विचारले गेले. समर्थकांनी सहा कोटींचा आकडा अभिमानाने सांगितला, विरोधकांनी भीतीने. दोघांनीही तो जसाच्या तसा स्वीकारला. रिफायनरीला पर्यावरण मंजुरी मिळण्याआधी २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी घेतली जाते आणि अहवालाची प्रत जिल्ह्यात पाहायला मिळते. त्या अहवालात कोणते तेल येणार, त्यात गंधक किती, हायड्रोजन कशातून बनणार आणि कोणते उत्पादन किती टन निघणार, याचा तक्ता असतो. कोकणात असो की आणखी कुठे, पुढच्या सुनावणीला जाणाऱ्यांनी पहिला प्रश्न त्या तक्त्यावर विचारावा.